सुईचा वेग

सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आले, नाळ कापली, की भूलतज्ज्ञाला फर्मान सुटते, 'पिटोसिन द्या!' पिटोसिन म्हणजे गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन; त्याची सिरिंज तयारच असते. ती शिरेतून एका दमात रिकामी करायची की मिनिटे मोजत, हे बऱ्याचदा देणाऱ्याच्या सवयीवर सोडलेले असते. पुढच्याच मिनिटात मॉनिटरवर रक्तदाब घसरतो, नाडी धावू लागते, तरी 'एवढे होतेच' म्हणून सगळे टाक्यांकडे वळतात.

एवढे व्हायलाच हवे असे नाही. 'ब्रिटिश जर्नल ऑफ अॅनेस्थेशिया'त २००७ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियोजित सिझेरियनच्या ३० स्त्रियांना ऑक्सिटोसिनची ५ युनिटच द्यायची होती. निम्म्यांना ती क्षणात दिली, निम्म्यांना पाच मिनिटांत. क्षणात दिलेल्यांचा सरासरी रक्तदाब २७ अंकांनी कोसळला, सावकाश दिलेल्यांचा अवघ्या पाचाने. रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच! म्हणजे घाईने काही कमावले नाही, हृदयाला धक्का तेवढा दिला. निरोगी बाई तो पचवते. रक्त आधीच गेलेली किंवा झडपेचा आजार असलेली पचवेलच असे नाही. ब्रिटनमधल्या मातामृत्यूंच्या चौकशी अहवालाने १९९७ ते १९९९ या काळाचा धांडोळा घेऊन हाच इशारा दिला होता.

हे सांगताना एक भीती आहे, की हे वाचून घरचे उद्या लेबर रूममध्ये इंजेक्शनलाच नकार देतील. तसे झाले तर अनर्थ होईल. प्रसूतीनंतर गर्भाशय आकसले नाही, तर बाई काही तासांत, कधी त्याहूनही लवकर दगावू शकते. सामान्य प्रसूतीत १० युनिट स्नायूत टोचण्याची पद्धत म्हणूनच रूढ झाली. स्नायूतून औषध रक्तात हळूहळू उतरते. आक्षेप औषधावर नाही, शिरेतल्या वेगावर आहे.

हृदयाच्या ठोक्याचा प्रश्न मात्र वेगापुरता नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला थोडा वेळ घेते. ईसीजीवर तो क्यूटी या अंतराच्या शेवटच्या भागात दिसतो. ऑक्सिटोसिनने हे अंतर किंचित लांबू शकते. उलटी थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनचाही तोच गुण, आणि सिझेरियनच्या टेबलावर ही दोन्ही औषधे मागेपुढे दिली जातात. पोटॅशियम घटलेले किंवा क्यूटी जन्मजात लांब असेल, तर ठोका जीवघेणा बिघडू शकतो. ऑक्सिटोसिनला पर्याय आहेत, पण तेही निर्धोक नाहीत. कार्बेटोसिन उन्हातान्हात टिकते; जागतिक आरोग्य संघटनेच्या सुमारे ३० हजार स्त्रियांवरच्या चाचणीत, भारतही त्यात होता, ते ऑक्सिटोसिनच्या तोडीस उतरले. पण त्यानेही रक्तदाब उतरतो, आणि असर लांबतो. मेथर्जिन या दुसऱ्या पर्यायाची तऱ्हा उलटी: ते हृदयाच्या वाहिन्यांसकट सगळ्या रक्तवाहिन्या आवळते. उच्च रक्तदाबाची तक्रार असलेल्या बाईला, मोजमाप न करता, ते टोचणे हा सरळ निष्काळजीपणा आहे.

२०१८ मध्ये केंद्राने ऑक्सिटोसिन कोणी बनवावे यावर मोठा घोळ घातला. म्हशींना पान्हा फोडायला होणारा गैरवापर हे निमित्त; डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी उत्पादनावरची ती बंदी रद्द केली. औषध टोचावे कसे, यावर मात्र तेव्हा चर्चा झाली नाही.

महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० च्या नमुना नोंदणीत लाखामागे ३३ होते, देशाचे ९७. उरलेले मृत्यू टाळणे अवघड असते, कारण त्यांत हृदयविकारासारखे गुंतागुंतीचे आजार अधिक असतात. शासनाने जिल्हा रुग्णालयांच्या सिझेरियन नोंदपत्रात 'किती युनिट' याच्या शेजारी 'किती मिनिटांत' हा रकाना घालावा. जन्मजात लांब क्यूटीचा सुगावा लागावा म्हणून गरोदरपणीच्या कार्डावरही आणखी एक हवा: बाईला कधी अचानक भोवळ येऊन शुद्ध हरपली होती का, घरात कोणी तरुणपणी एकाएकी गेले का.