विश्लेषण : म्युनिक ते मॉस्को... अवघ्या अकरा महिन्यांत जग महायुद्धापर्यंत कसे पोहोचले?

युक्रेनच्या भूभागावरून वाटाघाटींची चर्चा सुरू झाली, की युरोपात कोणी ना कोणी 'म्युनिक'ची आठवण करून देतो. ३० सप्टेंबर १९३८ च्या पहाटे स्वाक्षऱ्या झालेला म्युनिक करार हा आज राजनैतिक शरणागतीचा समानार्थी शब्द बनला आहे. मात्र, दुसरे महायुद्ध केवळ या एका करारामुळे झाले नाही. त्याआधी सात वर्षे राष्ट्रसंघ एकामागून एक परीक्षेत नापास होत होता. आणि म्युनिकनंतरही मॉस्कोत एक संधी होती. तिच्याविषयी मात्र तुलनेने कमी बोलले जाते.

राष्ट्रसंघ कुठे कमी पडला?

सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी लष्कराने मांचुरियात घुसखोरी केली. राष्ट्रसंघाने लिटन आयोग नेमला, त्याचा अहवाल येण्यास वर्ष लागले. फेब्रुवारी १९३३ मध्ये तो ४२ विरुद्ध १ अशा मतांनी स्वीकारला गेला. विरोधातील एकमेव मत अर्थातच जपानचे होते. जपानी प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले, जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला आणि मांचुरिया जपानकडेच राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात हिटलरच्या जर्मनीनेही राष्ट्रसंघ सोडला.

ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केले. या वेळी निर्बंध लादले गेले, पण त्यांतून तेल वगळले. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. एकीकडे निर्बंध चालू असताना ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीला देण्याची गुप्त योजना आखली. ती वृत्तपत्रांत फुटली आणि होर यांना पद सोडावे लागले. हेच होर काही महिन्यांपूर्वीपर्यंत भारतमंत्री होते आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे विधेयक त्यांनीच पार्लमेंटमध्ये लढवले होते. या सगळ्यातून बर्लिनने घ्यायचा तो बोध घेतला. मार्च १९३६ मध्ये जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरले, तेव्हाही निषेधापलीकडे काही घडले नाही.

हुकूमशाहीमुळे नेमका काय फरक पडला?

विस्तारवाद लोकशाही देशांनाही नवा नव्हता. ब्रिटन आणि फ्रान्सची साम्राज्ये त्यावरच उभी होती. फरक होता तो चुकीला रोखणाऱ्या यंत्रणेचा. नोव्हेंबर १९३७ मध्ये हिटलरने सेनाप्रमुखांसमोर पूर्वेकडील विस्ताराचा इरादा मांडला, तेव्हा काहींनी शंका उपस्थित केल्या. पुढच्या तीन महिन्यांत युद्धमंत्री ब्लोमबर्ग, लष्करप्रमुख फ्रिच आणि परराष्ट्रमंत्री नॉयराथ हे तिघेही पदावरून गेले. परराष्ट्र खाते रिबेनट्रॉप या होयबाकडे आले. ऑगस्ट १९३८ मध्ये, चेकोस्लोव्हाकियावरील हल्ल्याला विरोध असलेले जनरल लुडविग बेक यांनी राजीनामा दिला. सोव्हिएत संघात तर स्टालिनच्या शुद्धीकरण मोहिमेत पाचपैकी तीन मार्शल बळी पडले होते. त्यामुळे लाल सेना लढण्याच्या स्थितीत आहे का, हा प्रश्न लंडन आणि पॅरिसला पडला. त्यांच्या पुढील टाळाटाळीचे हेही एक कारण होते.

म्युनिकमध्ये काय घडले?

चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटनलँडमध्ये सुमारे ३० लाख जर्मनभाषक राहत. त्यांच्यावरील कथित अन्याय हे हिटलरचे निमित्त होते. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन १५ दिवसांत तीनदा विमानाने जर्मनीला गेले. अखेर जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सुडेटनलँड जर्मनीला देऊन टाकला. ज्या देशाचे तुकडे पडत होते, त्याच्या प्रतिनिधींना वाटाघाटींच्या टेबलावर स्थान नव्हते. त्यांना निर्णय नंतर कळवण्यात आला. सोव्हिएत संघाचा चेकोस्लोव्हाकियाशी करार असूनही त्यालाही निमंत्रण नव्हते.

चेंबरलेन यांना भित्रे ठरवणे सोपे आहे. पण पहिल्या महायुद्धाच्या जखमा ताज्या होत्या, ब्रिटनची हवाई तयारी अपुरी होती आणि व्हर्सायच्या तहात जर्मनीवर अन्याय झाला, असे अनेक ब्रिटिशांना मनापासून वाटत होते. लंडनला परतल्यावर त्यांचे स्वागत जल्लोषात झाले. तरीही व्यवहार तोट्याचाच होता, कारण चेकोस्लोव्हाकियाची भक्कम तटबंदी सुडेटनलँडमध्येच होती. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि स्कोडाचे शस्त्रास्त्र कारखाने आयते हिटलरच्या हाती पडले. लचका तोडणाऱ्यांत पोलंडही होता, हे सहसा विसरले जाते. म्युनिकनंतर लगेचच त्याने चेकोस्लोव्हाकियाचा टेशेन भाग घेतला होता. ३१ मार्चला ब्रिटनने संरक्षणाची हमी दिली ती याच पोलंडला!

मॉस्कोतील संधी कशी हुकली?

पोलंडला दिलेली हमी प्रत्यक्षात आणायची, तर सोव्हिएत संघाची साथ आवश्यक होती. चेंबरलेन यांचा स्टालिनवर विश्वास नव्हता. हिटलरला भेटायला तीनदा गेलेले पंतप्रधान मॉस्कोला गेले नाहीत. परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स, म्हणजे गांधी-आयर्विन करारातील आयर्विन, हेही गेले नाहीत. ऑगस्टमध्ये अ‍ॅडमिरल ड्रॅक्स यांच्या नेतृत्वाखाली लष्करी शिष्टमंडळ पाठवले गेले, तेही विमानाने नव्हे, तर 'सिटी ऑफ एक्झेटर' या संथ जहाजाने. ५ ऑगस्टला निघालेले शिष्टमंडळ ११ तारखेला मॉस्कोत पोहोचले. संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्ह यांनी अधिकारपत्र मागितले, तेव्हा ड्रॅक्स यांच्याकडे ते नव्हतेच. राजकीय करार होईपर्यंत सावकाश चला, अशाच त्यांना सूचना होत्या.

व्होरोशिलोव्ह यांचा खरा प्रश्न वेगळा होता. जर्मनीशी लढायचे, तर लाल सेनेला पोलंड आणि रुमानियातून जाऊ देणार का? पोलंडने साफ नकार दिला. १९२० मध्ये लाल सेना वॉर्साच्या वेशीपर्यंत आली होती. एकदा आलेली ती परत जाईल याची खात्री पोलंडला नव्हती आणि ही भीती निराधार म्हणता येत नाही.

स्टालिन त्याच वेळी जर्मनीशीही बोलत होता. २० ऑगस्टला हिटलरने थेट स्टालिनला तार केली आणि २३ ऑगस्टला रिबेनट्रॉप मॉस्कोत दाखल झाला. एका भेटीत अनाक्रमण करार झाला. सोबतच्या गुप्त मसुद्यात पोलंड दोघांत वाटला गेला, तर फिनलंड, एस्टोनिया आणि लाटव्हिया सोव्हिएत प्रभावक्षेत्रात आले. हा मसुदा अस्तित्वात असल्याचे मॉस्कोने १९८९ पर्यंत नाकारले. ब्रिटन-फ्रान्सकडे स्टालिनला देण्यासारखे होते ते केवळ युद्ध. हिटलर त्याला भूभाग देत होता आणि युद्धापासून तूर्त सुटकाही. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, ३ तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सने युद्ध पुकारले आणि १७ तारखेला लाल सेना पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरली.

युरोपचे युद्ध जगाचे कसे झाले?

आशियात चीन १९३७ पासूनच जपानशी लढत होता. २२ जून १९४१ रोजी हिटलरने स्टालिनशी केलेला करार मोडला. त्याच वर्षी अमेरिकेने जपानचे तेल रोखले. त्यावर जपानने ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ११ डिसेंबरला हिटलरने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारून दोन युद्धे एकत्र जोडली.

भारत मात्र पहिल्या दिवसापासून या युद्धात होता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. केंद्रीय कायदेमंडळाला किंवा निवडून आलेल्या प्रांतिक सरकारांना त्यांनी विचारले नव्हते. लोकशाहीसाठीच्या लढ्यात भारताचे स्थान काय, हा काँग्रेसचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यांत मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही होते.