मॉरिशसला निघण्यापूर्वीं

मॉरिशसची सहल योजतांना आमच्या घरीं प्रथम पंचांग निघालें, नकाशा मागाहून! मुलांना सुटी मे महिन्यांत, आणि "भर उन्हाळ्यांत कसला समुद्रकिनारा?" ही मातुःश्रींची शंका. परंतु तें बेट पडलें विषुववृत्ताच्या दक्षिणेस. आपल्याकडे वैशाखवणवा पेटला म्हणजे तिकडे थंडीचे दिवस सुरू होतात. उलट नाताळची सुटी तेथें ऐन उन्हाळ्यांत येते, आणि जानेवारी ते मार्च हे तर वादळांचे महिने. थंडींतहि पूर्व किनाऱ्यावर आग्नेयीचे वारे वाहतात, क्यूरपीपच्या पठारावर पाऊस असतो. म्हणून वृद्ध माणसें बरोबर असल्यास मुक्काम पश्चिमेस करावा व शाली घ्याव्या.

पुळणीसाठीं चार दिवस पुष्कळ झाले. एक सकाळ मात्र पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटासाठीं राखावी, असा आमचा आग्रह आहे. १८३४ पासून कराराचे मजूर या बंदरांत उतरले. त्यांत आपल्या कोंकणचींहि माणसें होतीं. ज्या सोळा पायऱ्या चढून तीं वर आलीं, त्या अद्याप तेथें आहेत. २००६ सालीं हें स्थळ जागतिक वारसा म्हणून नोंदलें गेलें. त्या मराठी मजुरांचे वंशज घरांत बहुधा क्रिओल बोलतात. तरी गणपति बसवितात, आणि मुलांना शाळेंत मराठी शिकवितात. तिकडे कोणीं अडखळत कां होईना मराठींत विचारलें, तर उत्तर इंग्रजींत द्यावयाचें नाहीं, अशी चिरंजिवांना आमची ताकीद आहे. मातुःश्रींनीं तर अथर्वशीर्षाची एक जास्त पोथी आतांपासूनच सामानांत घातली आहे.