ओलें लाकूड आणि दोन तराजू

नागपुरांतील लकडगंज ही लाकडाची पेठ. वखारींतून सरपण घेतलेल्या गृहस्थास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं : ओलें लाकूड काट्यावर जड भरतें आणि पाण्याचे पैसे धुरांत जातात. काटा खोटा नसतो. तो लाकूड व पाणी दोन्ही तोलतो, इतकेंच.

नवें औषध शोधतांना त्याचा रेणू शरीरांतील प्रथिनास चिकटतो कीं नाहीं, व किती, हें पाहावें लागतें. त्याकरितां शास्त्रज्ञांनीं जे दोन तराजू योजिले आहेत, त्यांच्यापुढेंही हाच सरपणाचा प्रश्न आहे.

पहिला तराजू कंपाचा. क्वार्ट्झ स्फटिकाची पातळ चकती विजेच्या योगानें सेकंदास सुमारें 50 लक्ष वेळां थरथरते. तिच्यावर कांहीं चिकटलें कीं कंप मंदावतात. चौरस सेंटिमीटरावर अवघे 18 नॅनोग्रॅम पदार्थ बसला तरी सेकंदाचा सुमारें एक कंप घटतो. याचें गणित जर्मनींतील झाउअरब्रे यांनीं 1959 मध्यें मांडलें. मात्र चिकटलेल्या थरांत अडकलेलें पाणीही चकतीबरोबर हालतें, म्हणून तेंही वजनांत धरलें जातें.

दुसरा तराजू प्रकाशाचा. कांचेवर सोन्याचा पातळ मुलामा देऊन कांचेच्या बाजूनें किरण टाकला असतां एका ठराविक कोनास परावर्तित प्रकाश जवळजवळ नाहींसा होतो. सोन्यावर प्रथिन बसलें कीं वक्रीभवन बदलून हा कोन सरकतो. पाण्याच्या जागीं पाणीच असेल तर कांहींच बदलत नाहीं. म्हणून येथें बहुतांशीं कोरडा मालच मोजला जातो. स्वीडनमधील लिंकोपिंगच्या शास्त्रज्ञांनीं 1983 मध्यें ही रीत रेणूंच्या बंधनास लाविली.

मग खरा तराजू कोणता? 2001 मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, समुद्रांतील खडकास चिकटून राहणाऱ्या शिंपल्याच्या डिंकांतील प्रथिन दोन्ही रीतींनीं तपासलें गेलें. त्याचा थर सुमारें 20 नॅनोमीटर जाड, पाण्यानें फुगलेला होता. रसायनानें त्यांतील रेणू एकमेकांस बांधतांच तो सुमारें 5 नॅनोमीटरांवर आला. एकट्या कंपाच्या तराजूनें डिंकच निघून गेल्याचा भास झाला असता. प्रकाशाच्या तराजूची जोड असल्यानें, गेलें तें पाणी, हें कळलें.

तेव्हां दोन आंकड्यांतील फरक ही चूक नव्हे, तो पाण्याचा हिशेब आहे. पाणी औषधाच्या खात्यांत मांडलें गेलें तर मात्र नुकसान सरपणापेक्षां मोठें. म्हणून आम्ही वाचकांस इतकेंच सुचवितों कीं, प्रयोगशाळेचा आंकडा कितीही सूक्ष्म असो, तो कोणत्या काट्यावरचा, हें आधीं विचारावें.