नाममुद्रा आणि ध्वनिफीत : वामनदादा कर्डकांच्या गीतांचे एक श्रवण

१८१८ च्या लढाईची स्मृती जपणाऱ्या विजयस्तंभास अभिवादन करण्यासाठी दरवर्षी १ जानेवारीस शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा परिसरात मोठा जनसमुदाय लोटतो. विद्यार्थिदशेत तेथील एका पुस्तकविक्रेत्याकडून मी भीमगीतांची एक ध्वनिफीत घेतली. वेष्टनावर गायकांची नावे ठळक होती. कवीचे नाव मात्र कोठेच नव्हते. ते कळले गीत संपताना. अखेरच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा ऐकू आली. या एका शब्दाचे वाङ्मयीन मोल काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. अक्षरओळख त्यांना प्रौढ वयात झाली. १९४३ मध्ये एका विडंबनगीतापासून त्यांची गीतरचना सुरू झाली. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. तरीही आपल्या अभ्यासक्रमांतून ते बहुधा 'लोकगीत' किंवा 'प्रचारगीत' या सदरातच भेटतात.

प्रचारगीताचा आक्षेप ध्वनिफीत ऐकताना टिकत नाही. अनुयायांच्या निष्ठेची झडती घेणारे त्यांचे प्रसिद्ध गीत पाहावे. त्याची सारी रचना 'जर-तर'ची आहे. छापील पानावर ही पुनरावृत्ती एकसुरी वाटण्याचा संभव आहे. परंतु ढोलकीच्या ठेक्यावर कोरस जेव्हा तेच ध्रुपद उचलतो, तेव्हा आरोप करणारा आणि आरोपी एकाच आवाजात बोलू लागतात. येथे स्तुतिगीताचे रूपांतर आत्मपरीक्षणात होते. देशाच्या संपत्तीतील हिश्श्याचा जाब विचारणाऱ्या गीतात उद्योगपतींची नावे यमकात बसविली आहेत. तेथे यमक हे केवळ अलंकरण राहत नाही, ते उलटतपासणीचे साधन बनते. साधेपणा हा या कवीचा अभाव नसून त्याची निवड आहे, असे म्हणावे लागते.

गीत लोकांच्या ओठी रुळून कवीचे नाव गळून पडावे, यातच त्याचा विजय आहे, असे काही अभ्यासक म्हणतील. जात्यावरच्या ओवीच्या बाबतीत हे मान्य करता येईल. ती रचणारीने बहुधा आपले नाव मागे ठेवलेले नसते. वामनदादांनी मात्र ते जाणीवपूर्वक ठेवले आहे. नामा, चोखा, तुका यांच्या अभंगांतील मुद्रा आपण कवीची स्वाक्षरी म्हणून वाचतो. शाहिरांच्या रचनांनाही तोच न्याय लावतो. मग ज्याला अक्षरे उशिरा भेटली, त्याने गाण्यात केलेली सही आपण गृहीत का धरू नये?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. शिरूर-दौंड परिसरातील विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीत ही गीते आज आहेत. ती कोणाची, असे वर्गात विचारले की उत्तरादाखल गायकाचे नाव येते, नाहीतर 'पारंपरिक' हा शब्द येतो. ध्वनिमुद्रण आटोपशीर करताना अखेरचे कडवे गाळले गेले, तर कवीचा उरलेला एकमेव पुरावाही नाहीसा होतो. आंबेडकरी चळवळीने घडविलेल्या वैचारिक कवितेचा इतिहास अशा रीतीने कर्त्यावाचून उरतो, आणि ज्याला कर्ता नाही त्याला विचारही नाही, असे मानणे समीक्षेस सोपे जाते.

म्हणून पदव्युत्तर विभागांनी या गीतांची छापील संहिता आणि ध्वनिमुद्रित पाठ शेजारी ठेवून पाठचिकित्सा हाती घ्यावी. कोणते कडवे कोठे गळले, चाल बदलताना कोणता शब्द बदलला, याची नोंद करावी. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला हे काम आपल्याच गावात करता येईल. तोवर आपण अध्यापकांनी एवढे तरी करावे : गीत वर्गात ऐकवताना ते अखेरच्या कडव्यापर्यंत ऐकवावे.