खाडा नव्हे, हक्काची रजा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिलाईच्या मशिनवर बसणाऱ्या बाईचे तिसऱ्या महिन्यात पोट पडले आणि तिने लाजेपोटी कारण सांगितले नाही, तर हजेरीपत्रकावर नुसता खाडा पडतो. पगार कापला जातो, हजेरी भत्ता बुडतो आणि सोनोग्राफी, पिशवी साफ करणे, औषधे हा खर्च घरावर येतो. खरे तर गर्भपातानंतर ६ आठवडे भरपगारी रजा हा १९६१ पासूनचा कायदेशीर हक्क आहे, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो कायम ठेवला आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला हे पैसे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. १४ हजार पगारातून दरमहा १०५ रुपये ‘ईएसआय’ म्हणून कापले जातात, मालक वर ४५५ रुपये भरतो. या पगारावर ६ आठवड्यांचे सुमारे १९ हजार ६०० रुपये होतात. ज्यासाठी आधीच हप्ता भरला, तेच पैसे बाईने सोडून द्यायचे, हे मला अजिबात पटत नाही.

बायकांना एवढ्या सवलती दिल्या तर त्यांना कामावर कोण ठेवेल, असे लहान उद्योजक विचारतात. बदली माणूस शोधण्याची त्यांची अडचण खरी आहे. पण विम्याखालच्या बाईच्या रजेचा पगार मालकाच्या गल्ल्यातून जात नाही. दुसरा आक्षेप असा, की सुरुवातीचे बरेच गर्भपात गुणसूत्रांतील दोषामुळे होतात, मग कारखान्याचा काय संबंध? रजा ही दोषाची भरपाई नाहीच. रक्तस्राव झालेल्या शरीराला सावरायला लागणारा तो वेळ आहे. २०२१ च्या ‘लॅन्सेट’मधील लेखमालेनुसार जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात, म्हणजे लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के. एकट्या ब्रिटनला त्याचा वार्षिक भार ४७ कोटी १० लाख पौंड पडतो. अशी नेहमी घडणारी गोष्ट अपवाद समजून कामाचे नियोजन कसे चालेल?

खरी गाठ ठेकेदारीत आहे. लाभासाठी आधीच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांचे अंशदान लागते. ठेकेदार बदलताना जुना विमा क्रमांक पुढे न चालवता नवा काढला, तर ते दिवस तुटतात. ठेकेदाराच्या कामगारांच्या अंशदानाची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर आहे, म्हणून दर महिन्याला हे क्रमांक तपासणे त्याचेच काम. आणि गर्भपाताचा दाखला देण्यासाठी पुरुष सुपरवायझरसमोर उभे राहावे लागू नये. कार्यालयातल्या एखाद्या बाईकडे बंद पाकिटात कागद देता आला, तरी कितीतरी जणी हक्क मागायला पुढे येतील.