बोट आणि बाण

शाळेच्या संगणकावर तुम्ही माऊस हलवता, तेव्हा पडद्यावर एक छोटा बाण फिरतो. त्याचे टोक सुईसारखे बारीक असते. आता आपल्या बोटाकडे पाहा. त्याचे टोक जवळजवळ एक सेंटिमीटर रुंद आहे. टेबलावरच्या संगणकाची प्रणाली टॅब्लेटमध्ये घातली की ती नीट का चालत नाही, याचे निम्मे उत्तर या दोन टोकांत आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस लोकांसमोर चालवून दाखवला. पुढे विंडोजसारख्या प्रणाली बाणाच्याच भरवशावर रचल्या गेल्या. खिडकी बंद करण्याची फुली लहान, यादीतल्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या. बाणाला हे चालते. बोट मात्र ज्याला स्पर्श करते, तेच झाकून टाकते! बाण एखाद्या चित्रावर नुसता थांबला, तरी त्या चित्राचे नाव दिसते. बोटाला असे अधांतरी थांबता येत नाही. ते टेकले की काम सुरू. लिहायला बसलात, तर कळफलक पडद्यावरच येतो आणि बरीच जागा खातो. उर्दू निबंध लिहून पाहा. आपल्या नस्तालीक लिपीच्या ओळीला उंची जास्त लागते, त्यामुळे कळफलकाच्या वर थोड्याच ओळी उरतात.

"सवय झाली की जमते," असे दुकानदार सांगतात. मला हे पटत नाही. सवयीने बोट बारीक होत नाही.

मायक्रोसॉफ्टने २००२ साली टॅब्लेटसाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती आणली, पण तिला वेगळे पेन लागे. अ‍ॅपलने २०१० साली आयपॅड काढला. त्यात मॅक संगणकाची प्रणाली न घालता आयफोनची, म्हणजे मुळात बोटासाठी केलेली प्रणाली घातली. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. २०१२ साली विंडोज ८ आले. त्यातले मोठे रंगीत चौकोन बोटाला सोयीचे होते, पण 'स्टार्ट'चे बटण काढल्यामुळे माऊसवाले गोंधळले. पुढच्याच वर्षी ८.१ या आवृत्तीत बटण परत आले. गंमत अशी, की चौकोनांच्या मागे जुना, बारीक चित्रांचा पडदा होताच! २०२१ च्या विंडोज ११ मध्ये कळफलक वेगळा केला, की खालच्या पट्टीवरची चित्रे एकमेकांपासून दूर सरकतात. ही सुधारणा खरी आहे. पण जुने प्रोग्रॅम अजून बाणाचीच वाट पाहत असतात.

तुमच्या घरी अभ्यासासाठी टॅब्लेट घ्यायचा विचार चालला असेल. "हाच टॅब्लेट, हाच संगणक" ही जाहिरात वाचून अब्बांनी दुप्पट पैसे मोजू नयेत. धडे वाचायला आणि पाहायला बोटाची साधी प्रणाली पुरते. लिहायचेच असेल, तर कळफलक आणि माऊस यांची किंमतही हिशेबात धरा. दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याला कळफलक बाजूला ठेवायला सांगा, आणि नुसत्या बोटाने एक फाईल उघडून तिचे नाव बदलून दाखवायला सांगा.