तापातल्या लेकीचे ताट

पावसाळा लागला की नालवाडीत कुणाचे ना कुणाचे पोर तापाने फणफणलेले असते. खायला काय दिले, असे आम्ही विचारतो. उत्तर ठरलेले, "तापात काय द्यायचं? चहा-बिस्किट."

रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात रोज नव्या तयार होतात, आणि त्यांची मजुरी अन्नातूनच जाते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा बसल्याजागचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. वाढत्या वयात त्याच भाकरीतून उंचीही भरायची असते. दोन्हीला पुरले नाही तर शरीर आधी जीव राखते, वाढ मागे ठेवते. इक्वेडोरच्या जंगलातील शुआर जमातीच्या लहान मुलांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोगाशी किरकोळ झुंज चालू असली तरी आठवड्याची वाढ निम्म्यापर्यंत घटली होती. अंगावर थोडी चरबी असलेली मुले त्यातून निभावली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबाप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला २४०० कॅलरी लागतात. मध्यम कष्टाच्या बाईला २१३०. म्हणजे आईपेक्षा लेकीला जास्त! आणि आपल्या घरात शेवटी कोण जेवते? मायलेकीच.

याच नालवाडीत १९३२ पासून विनोबा राहिले. सूतकताईच्या मजुरीत भागवायचा त्यांनी प्रयोग केला. प्रकृती ढासळली, १९३८ साली पवनारला जावे लागले. ते मोठे होते आणि व्रत त्यांनी स्वतः घेतले होते. आमच्या लेकरांना अर्धपोटी राहण्याचे व्रत कुणी विचारून दिले नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या समाजात लपवली जाते. सिकलसेल विदर्भात बौद्ध घरांतही बराच आहे. त्या मुलांचे रक्त लवकर मोडते, ते पुन्हा घडवायला जास्त अन्न जळते, म्हणून ती उशिरा वयात येतात. त्यांची प्लीहाही अधू होते. अशा लेकराला ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्यांना तापात पातळ खिचडी, वरण, उकडलेले अंडे थोडे थोडे द्या. ताप उतरल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त. गूळ-शेंगदाणे चालतात, फुटाणे चालतात. टॉनिकच्या बाटलीचे पैसे अंड्यांवर घाला.